भात की भाकरी?

प्रश्न: ताई, माझं माहेर मालवण, सासर मंगळवेढा आणि राहतो आम्ही लालबागला. आई आली की दोन दिवस भाकरी खाते आणि तिसऱ्या दिवशी म्हणते, "आज तरी भात टाक गो, जेवल्यासारखा वाटणा नाय." सासूबाईंचं उलटं, भाताने पोटच भरत नाही म्हणतात. मधल्यामधे मी, रोज दोन स्वयंपाक! ही नुसती सवय की यामागे काही आहे?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: आईंचं वाक्य वाचून हसले, कारण जपानीत 'गोहान' म्हणजे शिजवलेला भात पण आणि जेवण पण. म्हणजे आई एकट्या नाहीत.

मुळात सगळा खेळ पावसाचा आहे. मालवणला चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शेतात पाणी तुंबून राहतं आणि त्यात तग धरतो तो भातच. मंगळवेढ्यात जेमतेम पाचशे-सहाशे, पण काळी जमीन ओल धरून ठेवते, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते, वरून पाऊस नसला तरी.

आता भाताची लावणी बघा. आवण, म्हणजे भाताची रोपं, तयार झालं की थांबून चालत नाही, एकट्या घराचं ते कामच नाही, मग आज तुमच्याकडे उद्या आमच्याकडे असं करत अख्खी वाडी चिखलात. 2014 मध्ये टॉमस टॅल्हेम हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या अभ्यासावरून मांडलं की भात पिकवणाऱ्या भागातली माणसं एकमेकांना जास्त धरून राहतात आणि गहूवाले जरा स्वतंत्र वृत्तीचे असतात. वाचायला भारी वाटतं, पण बांधाच्या वीतभर जागेवरून वर्षानुवर्षं कोर्टात जाणारे कोकणातले सख्खे भाऊ बघितलेत ना, त्यामुळे मी यावर थोडा जपूनच विश्वास ठेवते.

आणि पीकच माणसाला घडवतं असं पण नाही, माणूस पण पिकाला आपल्या सोयीने घडवतो. 1964 ला सीएसएच-1 नावाची पहिली संकरित ज्वारी आली, बुटकी, दाणे भरपूर. पण आपल्याकडे ज्वारी म्हणजे नुसते दाणे नाहीत हो, कडबा पण पाहिजे, नाहीतर बैल काय खाणार? शिवाय भाकरीला ती चव नाही. म्हणून रब्बीत लोकांनी उंच वाढणारी मालदांडी सोडलीच नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर आता जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण आहे. आणि 'हायब्रीड' हा शब्द मात्र आपण बेचव भाजीपासून नाजूक पोरांपर्यंत सगळ्याला चिकटवून टाकला.

आईंना एक हळूच विचारा. खोतीच्या काळात, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा खोत असायचा तेव्हा, कुळाने राबून पिकवलेल्या भातातला मोठा वाटा खोताकडे जायचा आणि कुळाच्या चुलीवर काय असायचं? वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीवरच्या नाचणीची भाकरी! रोज पोटभर भात ही बऱ्याच घरांत नंतरची चैन, तेव्हा भाकरी त्यांना परकी नाही, फक्त ज्वारीची परकी आहे. नाचणीची करून बघा एकदा, दोघींना चालेल बहुतेक आणि तुमचा एक स्वयंपाक वाचेल.

सासूबाई 'आमची ज्वारी ती ज्वारी' म्हणायला लागल्या तर त्यांना 72 च्या दुष्काळातल्या मिलोची आठवण काढून द्या. अमेरिकेतून आलेली रेशनवरची ती लाल ज्वारी, ती पण ज्वारीच होती. तोंड कसं होतं ते मला कळवा.