तीच चूक पुन्हा का होते?

ताई, नमस्कार.

खानापूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, बी.कॉम. झाली, पण बँकेच्या लिपिक परीक्षेत इंग्रजीपायी दोनदा राहिली. आता बेळगावात स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे भरावेत का, असं विचारलंय तुम्ही. तूर्त भरू नका.

सोबत पाठवलेलं तिच्या सरावाच्या वहीचं पान, वाक्यातली चूक ओळखायच्या प्रश्नांचं, मी तीनदा वाचलं. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य तिनं बिनचूक ठरवलंय. ठरवणारच, कारण घरी आपण 'दहा वर्षांपासून राहते' असंच म्हणतो. आपल्या एका 'पासून'ला इंग्रजीत दोन शब्द आहेत: सुरुवात कधीची ते सांगताना 'सिन्स', किती काळ ते सांगताना 'फॉर'. शिवाय आजवर चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. खालच्या वाक्यात 'ऑल्दो'नंतर 'बट' आलंय, ती आपली 'जरी-तरी'ची जोडी. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरे. 'वन ऑफ माय फ्रेंड' तर सरळ 'माझा एक मित्र'वरून आलंय. तिथं 'फ्रेंड्स' हवं.

म्हणजे पोरीला नियम येत नाहीत असं नाही. वाक्य वाचताना कान मराठीचाच असतो. मला हे फार आशेचं वाटतं, कारण अशा चुका मोजक्याच असतात आणि पुन्हा पुन्हा त्याच येतात.

'द बॅग ऑफ कॅश्यूज आर हेवी' इथं 'कॅश्यूज' शेजारी असल्यानं 'आर' बरोबर वाटतं. पण जड आहे ती पिशवी, म्हणून 'इज'. तिला सांगा, आधी क्रियापद शोध, मग त्याचा कर्ता, मग काळ दाखवणारा शब्द. पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या 30 प्रश्नांना 20 मिनिटं मिळतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. 'नो एरर', म्हणजे चूक नाही, हेही उत्तर असू शकतं, तेव्हा ओढूनताणून चूक काढायची नाही.

एक नवी वही करू द्या. डावीकडे चुकलेलं वाक्य, उजवीकडे दुरुस्त केलेलं आणि खाली ते ज्या मराठी वाक्यावरून सुचलं ते. रोज पाच.

आणखी एक. अर्ज एकाच राज्यासाठी करता येतो आणि तिथली भाषा लिहिता-वाचता यावी लागते. कर्नाटकातल्या जागांसाठी कन्नड पक्कं हवं. ते नसेल तर महाराष्ट्रातल्या जागांचा विचार करा.

महिन्याभरानं त्या वहीची चार पानं पाठवा. 'पासून' कितीदा आलंय, ते आपण मोजू.