जंपर लावूनही सेल्फ नुसता 'टक' करतोय? सेल्फ बदलण्याआधी अर्थिंग बघा

भाऊ, तुमचं वाचलं आणि जुनं दुखणं परत ठणकायला लागलं. तुम्ही रविवारी घरीच एअर फिल्टर बदलला, बॅटरीचे टर्मिनल घासून साफ केले, संध्याकाळी चावी फिरवली तर डॅशबोर्डचे दिवे झकास, हॉर्न खणखणीत, आणि सेल्फ (इंजिनला फिरवून चालू करणारी मोटर) मारला की एकच 'टक'. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर, म्हणजे दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या चिमट्यांच्या वायरी, लावला तरी तेच. परभणीतल्या मेकॅनिकनं उभ्या उभ्या निकाल दिला, दिवे लागतात म्हणजे बॅटरी-वायरिंग ठीक, सेल्फ गेला, नवीन टाका. थोडं थांबा. पैसे देऊ नका अजून.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीनं लातूरला हेच नाटक केलं होतं, आणि तेही टर्मिनल साफ केल्यावरच. गाडी न्यूट्रलला होती का, टर्मिनल हातानं हलतात का, हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही. सकाळपर्यंत चालणारी गाडी घरच्या कामानंतर बंद पडली, तर पहिला संशय हात लागला त्या जागेवर घ्यायचा. तुमचा हात बॅटरीला आणि फिल्टरच्या डब्याला लागलाय. सेल्फ खाली, इंजिनच्या पोटाशी. तो नेमका त्याच रविवारी मरेल हे अशक्य नाही, पण माझा त्यावर विश्वास नाही.

बॅटरीच्या मायनसवरून बहुतेक गाड्यांत दोन वायरी निघतात. एक बॉडीला जाते, दुसरी जाड वायर इंजिनला नाहीतर गिअरबॉक्सला. दिवे, हॉर्न, टेप हे सगळं बॉडीच्या अर्थिंगवर, म्हणजे करंटच्या मायनसकडं परतायच्या वाटेवर चालतं. सेल्फ मात्र इंजिनला बोल्टनं बसवलेला असतो, त्याचा करंट त्या जाड वायरीतूनच परत येतो. आतल्या दिव्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. आपल्याकडं लो व्होल्टेज असताना घरातला बल्ब लागतो पण विहिरीवरची मोटर उचलत नाही, तसलाच प्रकार. म्हणून 'दिवे लागतात म्हणजे बॅटरी-वायरिंग ठीक' हे मेकॅनिकचं म्हणणं सोडून द्या.

आता तुमच्या जंपरबद्दल. तुम्ही लाल चिमटा प्लसवर आणि काळा चिमटा तुमच्याच बॅटरीच्या मायनसवर लावला, असं लिहिलंय. मग शेजाऱ्याच्या बॅटरीचा करंटही त्याच खराब वायरीतून जाणार! त्या प्रयोगातून बॅटरी कमजोर नाही एवढंच कळलं. सेल्फ गेला हे त्यातून सिद्ध होत नाही. काळा चिमटा इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला लावून बघा. तसाही तोच नियम आहे: आधी लाल बंद गाडीच्या प्लसवर, मग चालू गाडीच्या प्लसवर, काळा चालू गाडीच्या मायनसवर, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्या तोंडाशी ठिणगी नको. असा चिमटा लावल्यावर सेल्फ गरकन फिरला, तर अर्थिंगची वायर दोषी. मेकॅनिकशी वादच उरला नाही.

जंपर परत मागायची लाज वाटत असेल तर साधा मल्टिमीटर आणा. डीसी व्होल्टवर ठेवा. दोन मापं घ्यायची, दोन्ही सेल्फ मारत असताना, म्हणजे चावी फिरवायला दुसरा माणूस लागेल. पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर, क्लॅम्पवर (वायरीच्या टोकाच्या पकडीवर) नाही, शिशाच्या खांबावर. चांगली बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारल्यावर ९ च्या खाली कोसळली तर बॅटरी संपली. पण 'टक' वाजूनही आकडा १२ च्या वरच राहिला, तर करंट जातच नाहीये, वाट कुठंतरी तुटलीय. मग दुसरं माप: एक टोक मायनसच्या खांबावर, दुसरं इंजिनच्या लोखंडावर. सेल्फ मारताना इथं ०.२ व्होल्टच्या आत दिसायला पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. माझ्या गाडीत तिथं बॅटरीचे जवळजवळ सगळे व्होल्ट दिसले असते.

पण ते मोजायला कुणी तयार असेल तर ना. गाडी टो करून एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही. एसीत बसवलं, कॉफी दिली, स्कॅनर लावला. स्कॅनरवर ईसीएमशी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी) संपर्क तुटल्याचा कोड आला, आणि त्या पोरानं खुर्चीवरूनच सांगितलं, 'सर, ईसीएम उडालाय.' अर्थिंग ढिली असली की व्होल्टेज खालीवर होतं आणि स्कॅनरवर एकमेकांशी संबंध नसलेले कोड रांगेनं येतात, ही त्या धंद्यातली अगदी प्राथमिक गोष्ट. सेल्फ मारताना किती व्होल्ट येतात असं विचारलं, तर म्हणे बॅटरी चेक केली, ओके आहे. गाडी शांत उभी असताना चेक केली होती! एस्टिमेटचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याला टेकला होता. पार्ट मागवावा लागेल, ॲडव्हान्स भरा. भरला. पार्ट आला, बसवला, गाडी ढिम्म. मग 'आता वायरिंग हार्नेस (सगळ्या वायरींचा जुडगा) बघावा लागेल' सुरू. इलेक्ट्रिक पार्टला रिटर्न नाही, हे तेव्हा कळलं. जॉबकार्डवर एकही रीडिंग नव्हतं, फक्त 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' एवढे दोन शब्द. मेल केला तर 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं. मोलाचा होताच, मोल मी भरलं होतं.

शेवटी गाडी तिथून ओढून बाहेर काढली आणि लातूरच्या गंजगोलाईकडच्या एका म्हाताऱ्या बॅटरीवाल्याकडं नेली. त्यांनी काहीच खोललं नाही. मला सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः क्लच केबलवर हात ठेवला. केबल चटका बसेल इतकी तापली होती. जाड वायर तुटल्यावर करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी क्लच केबल बऱ्याचदा त्याला सापडते. मग त्यांनी मायनसच्या क्लॅम्पजवळ वायरीचं रबर ब्लेडनं चिरलं. आत तांबं नव्हतंच, नुसती हिरवी पूड आणि चार-दोन तारा. बाहेरून वायर नवीकोरी दिसत होती. क्लॅम्प काढताना थोडा पिळला गेला, तेवढ्यानं उरलेल्या तारांनी जीव सोडला. नवीन वायर, दोन्ही टोकांना थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून. बिल एका पिझ्झ्याएवढं.

तेव्हा तुम्हीही मायनसची वायर क्लॅम्पपाशी वाकवून बघा. निरोगी वायर ताठ असते, आतून कुजलेली एका जागी लिबलिबीत लागते. दुसरं टोक बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्याखाली गिअरबॉक्सवर असतं. डबा काढताना तो बोल्ट तुम्ही सोडवला असेल किंवा रंगावर तसाच परत कसला असेल. दहाचा नाहीतर बाराचा पाना घ्या, काढा, पॉलिश पेपरनं घासा, परत घट्ट करा. पेट्रोलियम जेली लावायची ती कसून झाल्यावर वरून, आत नाही.

ज्यांचा सेल्फ 'टक' न करता गरगर फिरतो पण इंजिन चालू होत नाही, त्यांचं प्रकरण वेगळं. फिल्टर बदलल्यावर डब्यावरच्या हवेच्या सेन्सरचा कनेक्टर 'टिक' आवाज येईपर्यंत बसला का आणि मागचा रबरी पाइप निसटला का, ते बघा. डिझेल फिल्टर बदललाय तर लाइनमध्ये हवा शिरलीय, हातपंप कडक होईपर्यंत दाबा. कॉमन रेल गाडीचे (आजच्या डिझेल गाड्यांतली जास्त दाबाची पद्धत) इंजेक्टरचे पाइप मात्र घरी कधीही ढिले करू नका, आतला दाब हजार बारच्या पुढं जाऊ शकतो. आणि काहीच आवाज नसेल, तर आधी क्लचखालची मॅट बघा. गाडी धुऊन जाड मॅट टाकली की क्लच पूर्ण दबत नाही, काही गाड्यांत मग सेल्फ लागतच नाही. हसू नका, या कारणानं गाडी टो झालेली मी बघितलीय.

एक राग आहे तोही काढून घेतो. चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) 'चेक' करणारे मेकॅनिक आपल्याकडं गावोगाव आहेत. हात जोडून सांगतो, करू देऊ नका. व्होल्टेजचा झटका बसून खरोखरच ईसीएम जातो. आणि बॅटरीत बोअरचं पाणी तर नाहीच, जारचं पाणीही डिस्टिल्ड नसतं. आपल्या उन्हाळ्यात पाणी आटतंच, पाच लिटरचा डिस्टिल्डचा कॅन घरात ठेवा.

मी मेकॅनिक नाही, गाडी न बघता बोलतोय, हे लक्षात असू द्या. वॉरंटीत असेल तर काही उघडू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर हाय व्होल्टेजच्या केशरी वायरींच्या जवळ जाऊ नका. वर्कशॉपला नेलीच, तर रीडिंग जॉबकार्डवर लिहून घ्या, जुना पार्ट मागा, ॲडव्हान्स लेखी एस्टिमेटशिवाय देऊ नका. ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. हे मला उशिरा कळलं, तोवर बिलं रद्दीत गेली होती.

मीटरचे दोन्ही आकडे इथंच लिहा. अर्थिंगचं माप ०.२ च्या आत आलं तर प्लसची जाड वायर सेल्फपर्यंत तशीच मोजा. तीही ठीक निघाली तर मेकॅनिक बरोबर असेल, सेल्फ उतरवू द्या. पण नवीन घेऊ नका, आधी सेल्फमधले कार्बन ब्रश आणि सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) बघायला सांगा, बऱ्याचदा तेवढं बदलून काम भागतं.