वाचकांचे प्रश्न : ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा का ठेवू नये?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. कटिंगसाठी लागणारा डीए गॅसचा सिलिंडर तो टेम्पोत आडवा टाकून आणतो आणि उतरवल्याबरोबर रेग्युलेटर जोडून कामाला लागतो. दुकानातले जुने कारागीर त्याला हटकतात, पण कारण कोणालाच नीट सांगता येत नाही. हा गॅस स्वयंपाकाच्या गॅसपेक्षा इतका वेगळा आहे का? (एक वाचक, कागल)

उत्तर : आपल्या कारागिरांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. डीए म्हणजे ‘डिझॉल्व्ह्ड ॲसिटिलीन’, म्हणजेच विरघळवलेला ॲसिटिलीन, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर या नावातच आहे.

स्वयंपाकाच्या गॅसला पेटायला हवा लागते. टाकीच्या आत हवा नसल्यामुळे तो आत पेटत नाही. ॲसिटिलीनचे तसे नाही. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असतात आणि तो रेणू घडताना बरीच ऊर्जा त्यात कोंडली जाते. त्यामुळे दाबाखाली असताना उष्णता किंवा धक्का मिळाला, तर हा वायू प्राणवायूच्या मदतीशिवाय स्वतःच फुटून कार्बन आणि हायड्रोजन यांत विघटित होतो आणि कोंडलेली उष्णता एकदम बाहेर पडते. म्हणूनच मोकळ्या स्वरूपातील ॲसिटिलीन नळीत वातावरणाच्या दाबाहून सुमारे एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त दाबाने वापरायचा नाही, असा जगभरचा दंडक आहे. कटिंग हळू होते म्हणून रेग्युलेटर त्यापुढे पिळणे हा जिवाशी खेळ आहे.

मग सिलिंडरमध्ये तो वातावरणाच्या सुमारे १५ पट दाबाने कसा राहतो? फ्रान्समध्ये १८९६च्या सुमारास जॉर्ज क्लोद आणि आल्बेर एस यांनी तो ॲसिटोन या द्रवात विरघळवून साठवण्याची युक्ती काढली. ॲसिटोन साध्या दाबालाच स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे २५ पट ॲसिटिलीन सामावून घेतो. पुढे सिलिंडरच्या पोटात सच्छिद्र भराव घालून त्या बारीक छिद्रांत हा ॲसिटोन मुरवला जाऊ लागला, जेणेकरून कोठे विघटन सुरू झाले तरी ते पसरू नये. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी असाच एक भराव सिद्ध केला आणि दीपगृहांचे ॲसिटिलीन दिवे सूर्यप्रकाशानुसार आपोआप लागतील-विझतील असे यंत्र बनवले. त्यांना १९१२ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, पण त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या चाचणीतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती आणि पारितोषिक घ्यायला त्यांचे भाऊ गेले. या वायूची इतकी जाण असलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडले, याची आठवण प्रत्येक दुकानात असावी असे मला मनापासून वाटते.

आता आडव्या सिलिंडरकडे येऊ. सिलिंडर आडवा झाला की ॲसिटोन व्हॉल्व्हकडे सरकतो आणि गॅसबरोबर रेग्युलेटर व नळीत उतरतो. ज्योत थुंकल्यासारखी उडू लागते, रबर खराब होते आणि आत उरलेल्या गॅसला विरघळायला पुरेसा द्रव राहत नाही. गॅस फार वेगाने ओढला तरी हेच होते, म्हणून तासाला सिलिंडरच्या एक-दशांशापेक्षा जास्त गॅस घेऊ नये. सिलिंडर उभा, साखळीने बांधून आणावा. आडवा आणावाच लागला असेल, तर जितका वेळ तो आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवून मगच जोडावा.

स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९.५ टक्के असेल तरच पेटतो, तर ॲसिटिलीन अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पेटतो आणि त्याला अगदी क्षुल्लक ठिणगी पुरते. त्याचा लसणासारखा वास मूळचा नसून, तो ज्यापासून बनवतात त्या कॅल्शियम कार्बाइडमधील अशुद्धींमुळे येणाऱ्या फॉस्फिन वायूचा असतो. तो आला की गळती साबणाच्या पाण्यानेच शोधावी. प्राणवायूबरोबर जळताना या वायूची ज्योत सुमारे ३१०० अंश सेल्सियसपर्यंत जाते. लोखंड कापायला तो हवासा वाटतो तो त्यामुळेच.

एक चूक मात्र मी अनेक गॅरेजांत पाहिली आहे: फाटलेली नळी तांब्याच्या तुकड्याने जोडणे. तांब्याशी संयोग होऊन कॉपर ॲसिटिलाइड तयार होते आणि ते वाळले की किरकोळ घर्षणानेही फुटते. जोडणी त्या गॅससाठी बनवलेल्या भागांचीच असावी. डावे (उलट्या दिशेने आवळायचे) आटे आणि खाचेचे नट त्यासाठीच असतात. ॲसिटिलीन आणि प्राणवायू या दोन्हींच्या नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी शिरणारी ज्योत अडवणारा भाग) असावा आणि किल्ली व्हॉल्व्हवरच राहू द्यावी. ज्योत उलटी आत शिरल्यानंतर सिलिंडर हाताला गरम लागू लागला, तर शक्य असल्यास व्हॉल्व्ह बंद करून सर्वांनी दूर जावे, तो हलवू नये आणि अग्निशमन दलाला तो ॲसिटिलीनचा आहे हे आवर्जून सांगावे, कारण बाहेरची आग विझली तरी आतले विघटन चालू राहू शकते.

प्रश्न : आंब्याच्या पेटीत कार्बाइडच्या पुड्या सापडल्या. त्यांचे काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की हाच ॲसिटिलीन सुटतो आणि तो फळे पिकवणाऱ्या इथिलीन वायूसारखे काम करून फळाला रंग आणतो. त्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असल्यामुळे त्याने फळे पिकवण्यास भारतात बंदी आहे. परवानगी आहे ती इथिलीनला, दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत. पुडीत नुसती पांढरी भुकटी असेल तर तो बहुतांशी चुना झालेला असतो, मात्र करडे खडे शिल्लक असतील तर ते बेसिनमध्ये, गटारात किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, पेटती शेगडी व समई यांपासून दूर, उघड्या हवेत ठेवावेत आणि मुलांना बाटलीत पाणी घालून त्यांचे बार काढू देऊ नयेत. तो बार तोंडावर आला की डोळे जातात.