एमडी, डीएम की फेलोशिप? पाटीवरची अक्षरं कशी वाचायची

वडिलांना अँजिओग्राफी सांगितली आहे. एका डॉक्टरांच्या पाटीवर 'एमडी, डीएम' आहे, दुसऱ्यांच्या 'एमडी, फेलोशिप इन कार्डिओलॉजी', तर फरक काय, असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, हृदयवाला नाही. पण परीक्षक म्हणून बरीच वर्षं ही पोरं पास-नापास केली आहेत.

एमडी मेडिसिन दोघंही आहेत. म्हणजे साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणं. पहिल्या वर्षी रक्त काढा, रिपोर्ट आणा, रात्री-बेरात्री सलाईन लावा. तिसऱ्या वर्षी कॅज्युअल्टीत निर्णय घ्या. शेवटच्या प्रॅक्टिकलला 'लाँग केस' मिळते. अनोळखी पेशंट तपासून परीक्षकांपुढे मांडायचा, त्यातले काही बाहेरच्या विद्यापीठाचे. "मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) कुठे ऐकू येतो?" विचारलं आणि उत्तर आलं, की आम्ही स्वतः स्टेथो लावून पाहतो. पुस्तक पाठ असलेले भलेभले तिथे गारद होतात.

डीएम कार्डिओलॉजी, म्हणजे हृदयरोगाची वेगळी पदवी, त्यानंतर: नीट-एसएस ही आणखी एक प्रवेश परीक्षा देऊन आणखी तीन वर्षं, त्यातला बराच काळ कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी होते तिथे. डीएनबी किंवा डीआरएनबी कार्डिओलॉजी दिसलं तर ते याच तोडीचं. ती परीक्षा राष्ट्रीय बोर्ड घेतं.

फेलोशिपचं मात्र काही खरं नसतं. डीएमनंतरची वर्षभराची उत्तम फेलोशिप असते, तशी शनिवार-रविवारची सर्टिफिकेटंही असतात. ती डीएमची जागा घेत नाही. दुसरे डॉक्टर बीपी-शुगरला उत्तम असतील, पण अँजिओग्राफीसाठी मी पहिल्यांकडे जाईन.

खात्री करायची तर पाटी सोडा, रजिस्ट्रेशन नंबर बघा. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार तो दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर हवाच. त्या विषयाची विशेष पदवी नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवणंही तिथे वर्ज्य आहे. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया जाऊन 2020 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोग आला, तरी आपल्याकडची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच करते. नंबर टाकून तिथे नाव शोधा आणि 'अॅडिशनल क्वालिफिकेशन'मध्ये डीएम चढलंय का पाहा. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्याला सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या परिषदा-व्याख्यानांचे, क्रेडिट पॉइंट लागतात. (परिषदेत सही करून थेट जेवणाच्या रांगेत जाणारेही ते मिळवतात, म्हणून त्यावर फार विसंबू नका.)

उद्या तक्रारीची वेळ आलीच, तर कौन्सिल परवाना निलंबित करू शकते. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.