सही केली, तरी करारात नाही?

प्रश्न असा: 'अमेरिकेने बालहक्क करारावर सही केली आहे' आणि 'अमेरिका या करारात नाही' अशी दोन्ही वाक्यं वाचायला मिळतात. खरं कोणतं?

दोन्ही खरी. घोळ 'सही' या शब्दामुळे होतो. एरवी सही झाली की व्यवहार पक्का. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारासारख्या करारांत मात्र सहीचा अर्थ एवढाच, की मसुदा पटला आहे आणि पुढे जायचा विचार आहे. देश बांधला जातो तो अनुसमर्थनाने, म्हणजे 'हा करार आम्हाला बंधनकारक' असं रीतसर कळवण्याने. त्यासाठी आधी घरची मंजुरी घ्यायची (अमेरिकेत सेनेटची दोन तृतीयांश मतं) आणि मग अनुसमर्थनाचा दस्तऐवज संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे जमा करायचा. अमेरिकेची सही १६ फेब्रुवारी १९९५ ची आहे, पण एकाही राष्ट्राध्यक्षाने करार सेनेटपुढे ठेवलेला नाही. 'अनुसमर्थन'च्या जागी नुसतं 'समर्थन' लिहू नये. समर्थन काय, कुणीही भाषणात करतो.

सही अगदीच पोकळ असते असंही नाही. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम १८ सांगतं, की सही करणाऱ्याने कराराच्या मूळ हेतूलाच सुरुंग लागेल असं काही करू नये. (गंमत म्हणजे त्या करारावरही अमेरिकेची सहीच आहे, अनुसमर्थन नाही!) शिवाय सैन्यात मुलांचा वापर आणि मुलांची विक्री व लैंगिक शोषण यांवरचे २००० सालचे दोन ऐच्छिक पूरक करार मूळ करारावर नुसती सही केलेल्या देशांनाही खुले होते. त्यामुळे अमेरिकेला २००२ मध्ये त्या दोन्हींचं अनुसमर्थन करता आलं. मूळ कराराच्या अंमलबजावणीचा अहवाल, पहिला दोन वर्षांत आणि पुढे दर पाच वर्षांनी, तिला द्यावा लागत नाही तो नाहीच.

भारताचं उलटं आहे. 'भारताने १९९२ मध्ये सही केली' हे वाक्य सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. भारताने सही केलीच नाही; ११ डिसेंबर १९९२ ला तो करारात थेट सामील झाला. बंधन अनुसमर्थनाइतकंच. तेव्हा 'सामील झाला' किंवा 'करार स्वीकारला' म्हणावं. सामील होताना भारताने बालमजुरीच्या कलम ३२ बद्दल निवेदन जोडलं: प्रत्येक प्रकारच्या कामासाठी किमान वय लगेच ठरवणं शक्य नाही, ते टप्प्याटप्प्याने करू.

१९५९ चा बालहक्कांचा जाहीरनामा मात्र यात ओढू नये. तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केला. त्यावर देशांच्या सह्याही नाहीत आणि अनुसमर्थनही नाही.