निकॉन एफ२ या फिल्म कॅमेऱ्यावर साधा, मीटर नसलेला प्रिझम (वरचा व्ह्यूफाइंडर) आहे, प्रकाश मोजणारा मीटरवाला व्ह्यूफाइंडर कोणता घ्यावा?

लेन्स १९७७ पासूनच्या ‘एआय’ (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग) प्रकारच्या असतील तर डीपी-११ घ्या, त्याआधीच्या असतील तर डीपी-१. डीपी-१ला अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं आहे ते) कळतं ते लेन्सवरच्या धातूच्या ‘सशाच्या कानां’मधून, डीपी-११ला अ‍ॅपर्चर रिंगच्या कडेवरून. दोन्हींना बॉडीच्या तळातले दोन साधे एलआर४४ सेल पुरतात. जुन्या निकॉन एफच्या फोटोमिक या मीटरवाल्या फाइंडरसारखे बंद झालेले पाऱ्याचे सेल शोधत फिरावं लागत नाही. एलईडीवाला डीपी-१२ कमी उजेडात सरस, पण किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. मात्र नुसत्या ‘मीटर चालू आहे’वर जाऊ नका, विक्रेत्याकडून व्हिडिओ मागवा. रिंग सावकाश फिरवताना काटा उड्या मारत असेल तर बहुधा आतला रेझिस्टर झिजलाय. असा फाइंडर स्वस्त मिळाला तरी नको.