वाचकांचे प्रश्न : मांडवी, चार दरवाजे आणि ग्राफचे प्रकार

प्रश्न : माझ्या मुलीला महाविद्यालयात ग्राफ थिअरी हा विषय आहे. तारा, वृक्ष, द्विभाजित, चाक, पूर्ण, प्रतलीय अशी प्रकारांची यादी ती पाठ करते. परंतु हे प्रकार वेगळे का मानायचे, हे तिला सांगता येत नाही. कृपया समजावून सांगावे.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : यादी तूर्त बाजूला ठेवून तिने आपल्याच शहराचा ग्राफ कागदावर काढावा. ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांतील काही जोड्यांना जोडणाऱ्या रेषा. बिंदूंना शिरोबिंदू आणि रेषांना कडा म्हणतात. कोण कोणाशी जोडलेले आहे एवढेच येथे पाहायचे. अंतर, दिशा किंवा रेषेचा बाक यांचा विचार करायचा नाही. मधोमध मांडवी ही जुनी वास्तू आणि तिच्यापासून निघणाऱ्या चार रस्त्यांच्या टोकांना लहरीपुरा, चांपानेर, पाणीगेट व गेंडीगेट हे जुन्या शहराचे चार दरवाजे घेतले, की पाच शिरोबिंदू आणि चार कडांचा तारा-ग्राफ तयार होतो.

शिरोबिंदूला येऊन मिळणाऱ्या कडांची संख्या म्हणजे त्याची कोटी. मांडवीची कोटी 4 आणि प्रत्येक दरवाजाची 1 असल्याने बेरीज 8 येते, म्हणजे कडांच्या दुप्पट; प्रत्येक कड तिच्या दोन्ही टोकांशी मोजली जात असल्याने हे सर्वच ग्राफांत घडते. हा ग्राफ सलग आहे, म्हणजे कोठूनही कोठेही कडांवरून जाता येते, आणि त्यात एकही चक्र, म्हणजे फिरून मूळ जागी आणणारी बंद साखळी, नाही, म्हणून तो वृक्षही आहे. मांडवी एका गटात व दरवाजे दुसऱ्या गटात ठेवले, तर कोणत्याही गटात आपापसांत कड राहत नाही, म्हणून तो द्विभाजितही आहे. एकच ग्राफ तीन प्रकारांत बसतो, ही गोष्ट पाठांतरात हमखास निसटते.

आता शेजारशेजारचे दरवाजे तटाच्या कडेने जोडले आहेत असे मानू. कडा 8 होऊन चाक-ग्राफ मिळतो. त्यात त्रिकोण आल्यामुळे तो ना वृक्ष राहतो, ना द्विभाजित. प्रत्येक कडेवरून नेमके एकदाच जाणारी वाट त्यात सापडेल का? 1735 साली गणितज्ञ ऑयलरने क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचा प्रश्न (प्रत्येक पूल नेमका एकदाच ओलांडता येईल का?) सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे सोडवून दाखवला, त्यातूनच याचा निकष मिळतो : ग्राफ सलग हवा आणि विषम कोटीचे शिरोबिंदू एकही नसावेत किंवा नेमके दोन असावेत. चाकात चारही दरवाजांची कोटी 3 आहे, म्हणून अशी वाट नाही. लहरीपुरा आणि पाणीगेट यांना शहराबाहेरून जोडले, तर चांपानेर व गेंडीगेट एवढेच विषम उरतात, आणि एकापासून निघून दुसऱ्यापाशी संपणारी वाट सापडते. मुलीने ती स्वतः शोधावी, हा माझा आग्रह आहे.

चांपानेर आणि गेंडीगेटही जोडले की 10 कडांचा पूर्ण ग्राफ होतो, म्हणजे शिरोबिंदूंची प्रत्येक जोडी जोडलेली असते. सर्व कोटी 4 झाल्यामुळे आता निघालो तेथेच परत येणारी फेरीही शक्य होते. परंतु कडा एकमेकींना न छेदता तो कागदावर काढता येत नाही, म्हणजेच तो प्रतलीय नाही. तीन किंवा अधिक शिरोबिंदूंच्या साध्या (एका जोडीत एकाहून जास्त कडा नसलेल्या आणि शिरोबिंदूला स्वतःशीच जोडणारी कड नसलेल्या) प्रतलीय ग्राफात कडांची संख्या शिरोबिंदूंच्या तिपटीतून 6 वजा करून येणाऱ्या संख्येपेक्षा जास्त असू शकत नाही. पाच शिरोबिंदूंसाठी ही मर्यादा 9 आहे.

प्रश्न : दोन ग्राफांत शिरोबिंदू, कडा आणि कोटी सारख्याच असतील, तर ते एकच मानावेत काय?
– एक विद्यार्थी, वडोदरा

उत्तर : नाही. सहा शिरोबिंदूंचे एक चक्र आणि दोन सुटे त्रिकोण यांत कडा 6 आणि सर्व कोटी 2 आहेत, तरी पहिला ग्राफ सलग आहे आणि दुसरा नाही.

याहून फार सुंदर उदाहरण मध्य प्रदेशातील सागर येथे जन्मलेले गणितज्ञ शरदचंद्र श्रीखंडे यांनी 1959 साली दिले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्राफात 16 शिरोबिंदू आणि 48 कडा असून प्रत्येकाची कोटी 6 आहे, आणि कोणतेही दोन शिरोबिंदू घेतले तरी त्यांचे सामाईक शेजारी नेमके दोनच असतात. बुद्धिबळाच्या चार बाय चार घरांच्या पटावर हत्ती ज्या घरांतून ज्या घरांत एका चालीत जाऊ शकतो ती घरे जोडली, तर तयार होणाऱ्या ग्राफातही हे सर्व आकडे तंतोतंत हेच येतात. फरक कळण्यासाठी एका शिरोबिंदूचे सहा शेजारी आपापसांत कसे जोडलेले आहेत ते पाहावे लागते : हत्तीच्या ग्राफात त्यांचे दोन सुटे त्रिकोण होतात, तर श्रीखंडे ग्राफात सहा जणांचे एकच चक्र होते.